कोकमच्या सालीची अँटिऑक्सिडंट क्षमता कशी मोजावी: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कोकम निवडणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. फळ आपल्या कोकण-गोव्याचं, उन्हाळ्यात सहज मिळणारं आणि रंग तर डोळ्यांत भरणारा. त्यात भर म्हणजे डीपीपीएच चाचणी (जांभळ्या डीपीपीएच द्रावणाचा रंग अर्क किती उतरवतो, ते मोजणारी) सोपी, फक्त अर्क मिसळायचा, अर्धा तास थांबायचं आणि रीडिंग घ्यायचं. पण कोकमच्या बाबतीत ही सोपी चाचणी सरळ चुकीचा आकडा देऊ शकते. डीपीपीएचचा जांभळा रंग ५१७ नॅनोमीटरवर मोजतात आणि कोकमच्या लाल रंगद्रव्यांचं, म्हणजे अँथोसायनिनचं, शोषणही ५१० ते ५२० नॅनोमीटरच्या आसपासच सर्वाधिक असतं. दोन्ही रंग यंत्राला एकाच जागी दिसतात. डीपीपीएच संपला तरी कोकमची लाली मागे उरते आणि यंत्र तिला शिल्लक डीपीपीएच समजतं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा ब्लँकला, म्हणजे अर्काचा स्वतःचा रंग वजा करण्यासाठी ठेवलेल्या नळीला, दिली आहे. बाकीच्या पायऱ्या कुठल्याही फळाच्या अर्कासाठी थोड्याफार फरकाने अशाच असतात.

कोकमच्या सालीत मुख्यतः तीन गोष्टी आहेत. पहिली लाल अँथोसायनिन, म्हणजे सायनिडिन-३-ग्लुकोसाइड आणि सायनिडिन-३-सॅम्बुबायोसाइड. दुसरी गार्सिनॉल, हे पिवळं असतं आणि पाण्यात जवळपास विरघळत नाही. तिसरी हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल, आंबटपणाचं मोठं कारण हेच. तिन्हींचा मापनावर वेगवेगळा परिणाम होतो. पुढे जिथे जिथे काही बिघडतं, तिथे कारण बहुतेक वेळा यांच्यापैकीच एक असतं.

कच्चा माल: रातांबा घ्या, बाजारातलं आमसूल नको

झाडावरून उतरवलेले, पूर्ण लाल झालेले ताजे रातांबे, म्हणजे कोकमची फळं, घ्या. हंगाम साधारण एप्रिलपासून पावसाच्या तोंडापर्यंत असतो. अर्धवट हिरव्या फळांत अँथोसायनिन कमी असतं, तर जमिनीवर पडलेल्या फळांना बुरशी लवकर लागते. दोन्ही बाजूला काढा.

किराणा दुकानातलं आमसूल या कामाला चालत नाही. आमसूल करताना साली मिठाच्या रसात पुन्हा पुन्हा बुडवून उन्हात वाळवतात. त्यामुळे १० ग्रॅम आमसुलात साल किती आणि मीठ किती, हे कळायला मार्ग नसतो, शिवाय कडक उन्हात अँथोसायनिनही घटलेलं असतं. आगळाचंही (कोकमच्या खारवलेल्या रसाचंही) तेच, त्यातही मीठ असतं. आमसूल हाच अभ्यासाचा विषय असेल तर ते घ्या, पण मग मिठाचं प्रमाण वेगळं मोजून बिनमिठाच्या कोरड्या वजनावर हिशेब करा.

फळ घेतल्याच दिवशी फुलं-पानं असलेली एक फांदी वनस्पतिशास्त्र विभागाकडे द्या आणि ओळख पटवून नमुना क्रमांक घ्या. गार्सिनिया प्रजातीत दिसायला जवळच्या जाती बऱ्याच आहेत. दक्षिणेकडून येणारी मलबारी चिंचेची वाळलेली साल ही गार्सिनिया गमी-गुट्टा या जातीची असते, कोकमची, म्हणजे गार्सिनिया इंडिकाची, नव्हे. झाडाचं गाव, तारीख आणि रायवळ झाड की लावलेली जात (दापोलीच्या कृषी विद्यापीठाची ‘कोकण अमृता’ किंवा ‘कोकण हातीस’) हे त्याच वेळी वहीत लिहा. नंतर विचारत फिरायला झाडाचा मालक सापडत नाही.

वाळवणं आणि दळणं

फळं धुवा, पुसा, अर्धी करा. बिया आणि गर काढून टाका, कारण बियांत तेल असतं (मुठेल किंवा भिरंडेल त्यांचंच) आणि ते अर्कात उतरलं की अर्क गढूळ होतो. सालीचे सुमारे अर्ध्या सेंटिमीटरचे तुकडे करून ट्रे ड्रायरमध्ये ४५ अंश सेल्सिअसवर ठेवा. दर काही तासांनी परता आणि तुकडा वाकण्याऐवजी तुटू लागला की थांबा. ६० अंशांच्या वर गेलात तर रंग तपकिरीकडे झुकतो. कॉलेजात फ्रीज ड्रायर असेल तर तोच वापरा, रंग सगळ्यात चांगला त्यातच टिकतो.

वाळलेली साल मिक्सरमध्ये थोडी थोडी दळा. सलग फिरवलंत तर भांडं तापतं, साल ओलसर होते आणि पात्याला चिकटते. दहा सेकंद फिरवा, थांबा, पुन्हा फिरवा. ४० मेशच्या चाळणीतून चाळून पूड हवाबंद, काळ्या कागदात गुंडाळलेल्या बाटलीत, सिलिका जेलची पुडी टाकून, फ्रीजरमध्ये ठेवा. आम्ल आणि साखर यांमुळे ही पूड हवेतलं पाणी झपाट्याने ओढते. म्हणून प्रत्येक वेळी वजन करण्याआधी बाटली खोलीच्या तापमानाला येऊ द्या आणि मगच झाकण उघडा. त्याच पुडीतली २ ग्रॅम वेगळी घेऊन आर्द्रता काढा. १०५ अंशांवर पूड जळल्यासारखी काळपट झाली तर ७० अंशांच्या व्हॅक्यूम ओव्हनकडे वळा.

अर्क काढणं

पाण्यात अँथोसायनिन आणि आम्ल उतरतं, गार्सिनॉल मागे राहतं. शुद्ध इथेनॉलमध्ये गार्सिनॉल येतं, पण अँथोसायनिन कमी. म्हणून दोन्ही हवं असेल तर ७० टक्के इथेनॉल हा मधला मार्ग चांगला. इथेनॉलसाठी राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. विभागाच्या स्टोअरमध्ये साठा आहे का, हे महिनाभर आधी पाहा.

१. २५० मिलीच्या शंकूपात्रात १० ग्रॅम पूड आणि १०० मिली ७० टक्के इथेनॉल घ्या. पात्रावर अॅल्युमिनियम फॉइल गुंडाळा.

२. शेकरवर १५० आरपीएमने खोलीच्या तापमानाला ६ तास ठेवा. शेकर नसेल तर २४ तास भिजत ठेवून मधूनमधून हलवा.

३. आधी मलमलच्या कापडातून, मग व्हॉटमन नंबर १ मधून गाळा. चोथा पुन्हा ५० मिली द्रावकात २ तास हलवा, गाळा, दोन्ही वेळचं गाळलेलं द्रावण एकत्र करा.

४. रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांना इथेनॉल उडवा. मागे पाणी आणि अर्क राहील. तो वजन करून ठेवलेल्या बशीत ओतून फ्रीज ड्रायरमध्ये किंवा ४० अंशांच्या व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वाळवा.

५. वजन वजा करून उतारा काढा. समजा १० ग्रॅम पुडीतून ३.२ ग्रॅम अर्क मिळाला, तर उतारा ३२ टक्के. हा आकडा शेवटच्या हिशेबात लागणार आहे, हरवू नका.

अँथोसायनिनसाठी द्रावकात हायड्रोक्लोरिक आम्ल घालावं, असं अनेक पद्धतींत लिहिलेलं असतं. कोकमला त्याची गरज नाही, साल स्वतःच पुरेशी आंबट आहे. घातलंत तर द्रावक उडताना ते आम्ल दाट होतं आणि अँथोसायनिनला जोडलेली साखर तोडू लागतं.

कोकमचा अर्क कोरडी पूड न होता मधासारखा चिकट राहतो. नवशिके इथे घाबरून तापमान वाढवतात, ते करू नका. साखर आणि आम्लामुळे तो असाच राहणार. महत्त्वाचं एवढंच की वजन स्थिर झालं पाहिजे. तासाभराच्या अंतराने दोन वेळा केलेल्या वजनात ०.५ टक्क्यापेक्षा कमी फरक आला की पुरे. मग तपकिरी काचेच्या बाटलीत ४ अंशांना ठेवा. जास्त दिवस ठेवायचा असेल तर उणे २० अंशांना.

आणि हे सगळं तीनदा करा. एकच अर्क काढून त्याची तीन रीडिंग घेतली तर यंत्र किती स्थिर आहे एवढंच कळतं. तीन स्वतंत्र वजनं, तीन स्वतंत्र अर्क घेतले तरच तुमच्या पद्धतीतला खरा फरक दिसतो.

साठ्याचं द्रावण

१० मिग्रॅ अर्क १० मिली मेथॅनॉलमध्ये विरघळवा, म्हणजे १ मिग्रॅ प्रति मिली झालं. पाच मिनिटं सोनिकेटरमध्ये धरा. मेथॅनॉल विषारी आहे, हे काम धूर खेचणाऱ्या कपाटातच करा आणि पिपेट कधीही तोंडाने ओढू नका.

मेथॅनॉलमध्ये गेल्यावर सालीतलं पेक्टिन बारीक तंतूंच्या रूपात बाहेर पडू शकतं. डोळ्यांना हे दिसेलच असं नाही. म्हणून द्रावण ५००० आरपीएमवर १० मिनिटं फिरवा आणि वरचं ०.४५ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून काढा. मग ७०० नॅनोमीटरवर अॅब्सॉर्बन्स, म्हणजे लॅबच्या भाषेत ओडी, पाहा. तिथे अँथोसायनिन शोषत नाही, त्यामुळे आकडा शून्याजवळ नसेल तर द्रावण गढूळ आहे. गढूळपणा सगळीकडे ओडी वाढवतो आणि डीपीपीएचमध्ये अर्क आहे त्यापेक्षा कमजोर दाखवतो.

एकूण फिनॉल: फोलिन चाचणी

ही चाचणी आधी उरकून घ्या, कारण पुढच्या चाचण्यांसाठी अर्क किती पातळ करावा लागेल याचा अंदाज तिच्यातून येतो.

०.५ मिली नमुना, २.५ मिली दहापट पातळ केलेलं फोलिन-सिओकाल्टो द्रावण, ५ मिनिटांनी २ मिली ७.५ टक्के सोडियम कार्बोनेट. अंधारात खोलीच्या तापमानाला एक तास ठेवा आणि ७६५ नॅनोमीटरवर ओडी घ्या. प्रमाण रेषेसाठी गॅलिक आम्ल १०, २०, ४०, ६०, ८०, १०० मायक्रोग्रॅम प्रति मिली. कार्बोनेट फोलिनच्या आधी घालू नका. अल्कलीत फोलिन वेगाने नासतं, क्रम उलटला तर नमुन्याशी क्रिया होण्याआधीच ते वाया जातं.

निळा रंग सगळा फिनॉलचाच असतो, असं समजू नका. व्हिटॅमिन सी आणि क्षपण करणाऱ्या साखराही फोलिनशी क्रिया करतात. म्हणून अहवालात ‘फिनॉल इतकं’ असं ठामपणे न लिहिता ‘गॅलिक आम्लाच्या समतुल्य’ असं लिहितात. आम्लाचं विचाराल, तर १ मिग्रॅ प्रति मिली द्रावणात ते इतकं थोडं असतं की कार्बोनेट त्याला सहज पुरून उरतं. मात्र कुणी ताजा रस तसाच घातला आणि बुडबुडे आले, तर समजावं की आम्ल कार्बोनेट खात आहे आणि रंग नीट येणार नाही.

हिशेब: नमुना १ मिग्रॅ प्रति मिली होता आणि रेषेवरून ४२ मायक्रोग्रॅम आले, तर अर्काच्या दर ग्रॅमला ४२ मिग्रॅ समतुल्य. उतारा ३२ टक्के असेल तर पुडीच्या दर ग्रॅमला ४२ गुणिले ०.३२, म्हणजे १३.४ मिग्रॅ. दोन अभ्यासांची तुलना करताना सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एकाने अर्कावर मांडलेलं असतं, दुसऱ्याने पुडीवर. दोन्ही द्या आणि कुठला कशावर, ते स्पष्ट लिहा.

डीपीपीएच: इथे घाई करू नका

डीपीपीएच हा स्थिर मुक्त मूलक (फ्री रॅडिकल) आहे. अर्काने त्याला हायड्रोजन किंवा इलेक्ट्रॉन दिला की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. मुळात ही कल्पना ब्लॉइस यांनी १९५८ मध्ये मांडली, आज बहुतेक लॅबमध्ये तिचीच रूपं चालतात. प्रत्येकाचं प्रमाण मात्र वेगळं, त्यामुळे दुसऱ्याच्या आकड्याशी आपला आकडा सहसा थेट जुळत नाही.

द्रावण करताना ३.९ मिग्रॅ डीपीपीएच १०० मिलीत, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. साध्या तराजूवर ३.९ मिग्रॅ अचूक तोलणं कठीण. त्यापेक्षा १९.७ मिग्रॅ डीपीपीएच १०० मिली मेथॅनॉलमध्ये पूर्ण विरघळवा (चुंबकी ढवळणीवर अंधारात अर्धा तास), म्हणजे ०.५ मिलिमोलर झालं. त्यातलं २० मिली घेऊन १०० मिली करा, झालं ०.१ मिलिमोलर. तळाला काळे कण दिसत असतील तर अजून विरघळलेलं नाही. द्रावण रोज ताजं करा.

आता चार प्रकारच्या नळ्या लागतील:

शून्य करण्यासाठी फक्त मेथॅनॉल.
कंट्रोल: १ मिली मेथॅनॉल आणि ३ मिली डीपीपीएच.
नमुना: १ मिली अर्क आणि ३ मिली डीपीपीएच.
नमुन्याचा ब्लँक: १ मिली तोच अर्क, तीच तीव्रता आणि ३ मिली मेथॅनॉल. यात डीपीपीएच नाही.

चौथी नळी प्रत्येक तीव्रतेसाठी वेगळी हवी. एकाच तीव्रतेचा ब्लँक घेऊन सगळीकडून वजा करणं चूक आहे.

समजा कंट्रोल ०.९१२, नमुना ०.३९८ आणि त्याचा ब्लँक ०.०८६ आला. ब्लँक न घेता हिशेब केलात तर क्षमता ५६.४ टक्के. ब्लँक वजा केलात तर नमुन्याचं खरं रीडिंग ०.३१२ आणि क्षमता ६५.८ टक्के. नऊ टक्क्यांचा हा फरक निव्वळ रंगाचा आहे. तीव्रता जितकी जास्त तितका तो वाढतो, त्यामुळे आलेख वरच्या बाजूला उगाच झुकतो आणि विद्यार्थी त्याला ‘संपृक्तता’ म्हणून मोकळे होतात.

सूत्र असं: कंट्रोलमधून (नमुना उणे ब्लँक) वजा करा, कंट्रोलने भागा, शंभराने गुणा. शंभर टक्के कधी येणार नाही. क्रिया पूर्ण झाल्यावर उरणारं पिवळं द्रव्यही ५१७ वर थोडं शोषतं, त्यामुळे नव्वदीच्या पुढे रेषा सपाट होते.

ब्लँकही निर्दोष नसतो. डीपीपीएचशी क्रिया करताना अँथोसायनिन स्वतः काही प्रमाणात रंग गमावतं, ब्लँकच्या नळीत मात्र ते पूर्ण लाल असतं. म्हणजे वजाबाकी गरजेपेक्षा किंचित जास्त होते. खरा आकडा ब्लँकसह आणि ब्लँकशिवाय यांच्या मध्ये, पण ब्लँकसहच्या बराच जवळ असतो. याच कारणाने पुढची एबीटीएस चाचणी कोकमसाठी ऐच्छिक मानू नये, असं आमचं ठाम मत आहे.

तीव्रता ठरवण्यासाठी १ मिग्रॅ प्रति मिलीच्या साठ्यापासून निम्म्या निम्म्याने पाच पातळ द्रावणं करा: १०००, ५००, २५०, १२५, ६२.५ मायक्रोग्रॅम प्रति मिली. आता इथली सगळ्यात नेहमीची चूक. १ मिली अर्कात ३ मिली डीपीपीएच घातल्यावर तीव्रता चौथाई होते. नळीतली खरी तीव्रता २५०, १२५, ६२.५, ३१.२५ आणि १५.६. आयसी-५०, म्हणजे निम्मा डीपीपीएच संपवणारी तीव्रता, या खऱ्या आकड्यांवर काढायची. मिसळण्याआधीच्या आकड्यांवर काढलीत तर उत्तर चौपट चुकतं. २० ते ८० टक्क्यांच्या मधले बिंदू तीनपेक्षा कमी असतील तर मधल्या तीव्रता घालून पुन्हा करा. आयसी-५० हाताने रेषा लांबवून काढू नका.

आपण बरोबर आहोत हे कसं ओळखायचं? एस्कॉर्बिक आम्लाने. वरच्या प्रमाणात नळीत डीपीपीएच ७५ मायक्रोमोलर आहे, निम्मा म्हणजे ३७.५. एस्कॉर्बिक आम्लाचा एक रेणू डीपीपीएचचे दोन रेणू संपवतो, म्हणून १८.७५ मायक्रोमोलर लागेल. त्याला १७६.१ या रेणुभाराने गुणलं की सुमारे ३.३ मायक्रोग्रॅम प्रति मिली. मिसळण्याआधी ४, ८, १२, १६, २० मायक्रोग्रॅमची द्रावणं केलीत की नळीत १ ते ५ मिळतात आणि ३.३ बरोबर मध्ये येतो. तुमचा आकडा ३ ते ४ मध्ये आला तर हात बसला. १३ आला तर चौपट विसरलात. आठ-दहा आला तर एस्कॉर्बिक आम्ल जुनं किंवा पाण्यात करून ठेवलेलं आहे, नाहीतर डीपीपीएच दाट झालाय. हा आकडा जुळेपर्यंत कोकमला हात लावू नका.

वेळेबद्दल थोडं. बहुतेक जण ३० मिनिटं थांबतात. मेथॅनॉलमध्ये फिनॉलची डीपीपीएचशी क्रिया बऱ्याच अंशी आयन झालेल्या फिनॉलमुळे वेग घेते. आम्ल असलं की आयन कमी होतात आणि वेग मंदावतो. कोकममध्ये आम्ल भरपूर, त्यामुळे अर्ध्या तासात क्रिया थांबेलच असं नाही. पहिल्या दिवशी एका मधल्या तीव्रतेची नळी घेऊन १, ५, १०, २०, ३०, ४५ आणि ६० मिनिटांनी ओडी घ्या. शेवटच्या दोन रीडिंगमध्ये फरक उरला नाही ती वेळ पक्की करा, मग ती ३० असो वा ६०. कंट्रोलही तेवढाच वेळ अंधारात ठेवा आणि त्याची सुरुवातीची आणि शेवटची ओडी लिहा. कंट्रोल स्वतःच उतरत असेल तर नळ्यांवर उजेड पडतोय किंवा मेथॅनॉलमध्ये अशुद्धी आहे.

९६ खोबण्यांची प्लेट असेल तर ५० मायक्रोलिटर अर्क आणि १५० मायक्रोलिटर डीपीपीएच, प्रमाण तेच. मेथॅनॉल कडेच्या खोबण्यांतून आधी उडतं, म्हणून प्लेट झाका आणि शक्यतो कडेच्या ओळी रिकाम्या ठेवा.

एबीटीएस: रंगाच्या अडथळ्यापासून लांब

या चाचणीचा निळा-हिरवा मूलक ७३४ नॅनोमीटरवर मोजतात. तिथे कोकमची लाली पोहोचतच नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली पद्धत आजही तशीच चालते.

३८.४ मिग्रॅ एबीटीएस (डायअमोनियम क्षार) आणि ६.६ मिग्रॅ पोटॅशियम परसल्फेट एकत्र १० मिली पाण्यात विरघळवा. १२ ते १६ तास अंधारात ठेवा, म्हणजे आदल्या संध्याकाळी करून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्यातलं १ मिली घेऊन इथेनॉलने पातळ करत ७३४ वर ओडी ०.७० (फार तर ०.०२ इकडे-तिकडे) आणा. ५० मिलीपासून सुरुवात करून हळूहळू वाढवा, एकदम ओतू नका. ३ मिलीत ३० मायक्रोलिटर अर्क टाका, ६ मिनिटांनी रीडिंग घ्या. प्रमाणासाठी ट्रोलॉक्स (व्हिटॅमिन ईसारखं, पण पाण्यात विरघळणारं द्रव्य), नळीत ० ते १५ मायक्रोमोलर. ३० मायक्रोलिटर इतकं थोडं असतं की पिपेटच्या टोकाला बाहेरून लागलेला थेंबही आकडा हलवतो. टोक प्रत्येक वेळी पुसा.

डीपीपीएच आणि एबीटीएस यांचे आकडे सारखे यावेत अशी अपेक्षा ठेवू नका, एकके आणि क्रिया दोन्ही वेगळ्या आहेत. पण तुमच्याकडे चार-पाच नमुने असतील (वेगवेगळी गावं, वेगवेगळी तापमानं) तर त्यांचा क्रम दोन्हींत साधारण सारखा यायला हवा. जास्त लाल नमुने डीपीपीएचमध्ये मागे आणि एबीटीएसमध्ये पुढे दिसले, तर आधी डीपीपीएचचे ब्लँक तपासा.

फ्रॅप चाचणी (अर्क लोहाचं किती क्षपण करतो ते मोजणारी; ५९३ नॅनोमीटर, पीएच ३.६) जोडीला घेतली तरी चालते, ब्लँक तिथेही ठेवा.

अँथोसायनिन मोजणं

पीएच १.० ला अँथोसायनिन गडद लाल असतं, ४.५ ला जवळपास रंगहीन. या फरकावर चाचणी उभी आहे. पहिल्या बफरसाठी १.८६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड ९८० मिली पाण्यात घालून हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच १.० करा आणि १ लिटर भरा. दुसऱ्यासाठी ५४.४३ ग्रॅम सोडियम अॅसिटेट (ट्रायहायड्रेट) ९६० मिलीत घालून पीएच ४.५ करा, १ लिटर भरा. अर्क दोन्ही बफरमध्ये सारखाच पातळ करा, २० ते ५० मिनिटांत ५२० आणि ७०० वर ओडी घ्या.

समजा अर्क २० पट पातळ केला. पीएच १.० ला ०.७४२ आणि ०.०२१, पीएच ४.५ ला ०.११८ आणि ०.०१९ आलं. फरक ०.७२१ आणि ०.०९९, त्यांचा फरक ०.६२२. याला ४४९.२ ने, मग २० ने, मग १००० ने गुणा आणि २६,९०० ने भागा: लिटरला सुमारे २०८ मिग्रॅ, सायनिडिन-३-ग्लुकोसाइडच्या हिशेबाने.

कोकममध्ये यातही एक खोच आहे. अर्क दाट असेल तर त्याचं आम्ल ४.५ च्या बफरला खाली ओढतं, लाली पूर्ण जात नाही आणि उत्तर कमी येतं. मिसळल्यानंतर पीएच मीटर बुडवून खात्री करा. ४.५ वरून सरकला असेल तर अर्क आणखी पातळ करा.

दुसऱ्या फळांकडे वळताना

जांभळाच्या सालीलाही अँथोसायनिनचाच प्रश्न आहे, वरचं सगळं तिथे लागू. आंब्याच्या कोयीतल्या गरात स्निग्धांश असतो, तो आधी हेक्झेनने काढून टाका, नाहीतर अर्क गढूळ. पेरूच्या पानांत हरितद्रव्य असतं, त्यालाही ब्लँक हवाच.

अहवालात काय लिहायचं

द्रावक आणि त्याचं प्रमाण, उतारा, डीपीपीएचची नळीतली तीव्रता, थांबण्याची वेळ, ब्लँक घेतला की नाही, आयसी-५० नळीतल्या तीव्रतेवर आहे हे स्पष्ट शब्दांत, आणि त्याच दिवशीची एस्कॉर्बिक आम्लाची आयसी-५०. यातलं काही गाळलं तर तुमचा आकडा दुसऱ्या कुणाच्या कामाचा राहत नाही.

अमृत कोकमचा घरगुती व्यवसाय असणारे हे आकडे बाटलीवर छापायला उत्सुक असतात. त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या ओरॅक मूल्यांची (ओरॅक ही अशीच एक अँटिऑक्सिडंट चाचणी) आपली यादी २०१२ मध्ये संकेतस्थळावरून काढून टाकली. नळीतली अँटिऑक्सिडंट क्षमता शरीरात तशीच उतरत नाही आणि जाहिरातींत त्या आकड्यांचा गैरवापर होत होता, ही त्यामागची कारणं होती. आपल्याकडे खाद्यपदार्थांवरच्या दाव्यांना एफएसएसएआयचे (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे जाहिरात व दावेविषयक नियम लागू आहेत, लेबल छापण्याआधी ते वाचा. ‘रोग बरा करतो’ अशा वाक्याला आयसी-५० चा आधार देता येत नाही.

या चाचण्यांचा व्यावसायिकाला खरा उपयोग साठवणीत होतो. एकाच घाण्यातल्या बाटल्या अर्ध्या उजेडात, अर्ध्या अंधारात ठेवा. शून्य, ३०, ६० आणि ९० व्या दिवशी प्रत्येकी तीन बाटल्या फोडून अँथोसायनिन आणि एबीटीएस मोजा. सरबत तयार करताना किती वेळ उकळलं, बाटली काचेची की प्लास्टिकची, तोंडापर्यंत भरली की वर हवा राहिली, हे शेजारच्या रकान्यात लिहा. रंग कुठल्या बाटलीत आणि कितव्या महिन्यात घसरतो, ते या तक्त्यातून कळतं आणि पुढच्या हंगामात नेमकं काय बदलायचं, तेही.